पितळी पाटीवरचा व्हिकरचा मुलगा: घराणं आणि स्मारक यांचा माग कसा काढायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. उत्तर इंग्लंडमध्ये तुम्ही राहता त्या खेड्यातल्या चर्चच्या भिंतीवर एक पितळी पाटी आहे. गावच्या एके काळच्या व्हिकरच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या पाद्र्याच्या, मुलाचं नाव, हुद्दा, ‘११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री’ आणि ‘मेसोपोटेमिया, १९१६’ एवढाच मजकूर त्यावर आहे. नाव इंटरनेटवर टाकलं तर त्याच नावाची पाच-सहा माणसं निघाली आणि गाडी तिथेच अडली. या घराचं पुढे काय झालं, मुलाची कबर कुठे आहे, त्याचं नाव आणखी कुठे कोरलंय आणि आज कुणी वंशज असतील का, हे तुम्हाला शोधायचं आहे.

अडचण नावाच्या गर्दीपेक्षा सुरुवातीच्या टोकाची आहे. तुम्ही मुलापासून सुरू केलंत. विशी-पंचविशीत गेलेल्या माणसामागे कागद फार थोडे उरतात: जन्म, शाळा, पलटण, मृत्यू. बाप मात्र बदलीच्या नोकरीतल्या तहसीलदारासारखा. तीस-चाळीस वर्षं या गावातून त्या गावात, आणि प्रत्येक बदली छापील नोंदीत. म्हणून पाद्र्याच्या घराचा शोध घेताना मी आधी एकच तक्ता करतो: कोणत्या वर्षी बाप कुठे होता. मुलांचे जन्म, शाळा, मुलींची लग्नं आणि पाटी नेमकी याच भिंतीवर का लागली, हे सगळं त्या तक्त्यावर बसवता येतं. त्याच नावाची बाकीची माणसंही त्याच चाळणीतून गळून पडतात.

हे सगळं किती सोपं जाईल ते काही गोष्टींवर ठरतं. बाप चर्च ऑफ इंग्लंडचा होता, स्कॉटिश होता, आयरिश होता की मेथडिस्ट-बॅप्टिस्ट, यावर पुस्तकं बदलतात. मुलगा अधिकारी होता की साधा शिपाई, आणि ब्रिटिश आर्मीत होता की इंडियन आर्मीत, यावर दप्तर बदलतं. तुमच्या पाटीवर व्हिकर हा शब्द आहे आणि मराठा पलटण आहे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंड आणि बहुधा इंडियन आर्मीचा अधिकारी. पुढचं सगळं हे धरून सांगतो.

आधी पाटी नीट वाचा

पाटी पुन्हा एकदा, घाई न करता वाचा. चर्चवॉर्डनची (चर्चची व्यवस्था पाहणाऱ्याची) परवानगी घ्या, फ्लॅश बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च पाटीच्या एका बाजूला, भिंतीला जवळजवळ टेकवून धरा. तिरप्या उजेडात कोरलेल्या प्रत्येक रेघेची सावली पडते आणि समोरून न दिसणारी अक्षरं वर येतात. एक फोटो पूर्ण पाटीचा, मग चार तुकड्यांत चार. खालची उजवी-डावी कड वेगळी टिपा, कारण पाटी बनवणाऱ्या कारखान्याचं नाव आणि गाव तिथे अगदी बारीक अक्षरांत असतं. पितळ पुसून चकचकीत करण्याचा मोह आवरा. अशा पाट्यांच्या कोरीव अक्षरांत काळं आणि लाल मेण किंवा मिना भरलेला असतो. पॉलिशने तो निघतो, अक्षरांच्या कडा झिजतात आणि पॉलिशची पांढरी पूड खाचांत कायमची बसते.

मजकूर ओळीत जसा तुटतो तसाच उतरवा, विरामचिन्हांसकट. तीन गोष्टींकडे खास लक्ष द्या. एक, पाटी कुणी लावली: आईवडिलांनी, भावंडांनी, गावकऱ्यांनी की पलटणीतल्या सोबत्यांनी. दोन, मुलगा कितवा होता. ‘दुसरा मुलगा’ किंवा ‘सर्वांत धाकटा’ असं लिहिलेलं असेल तर पुढचा निम्मा संशय मिटतो. तीन, बापाचा उल्लेख ‘या गावचा व्हिकर’ असा आहे की ‘काही काळ या गावचा व्हिकर’ असा. दुसऱ्या प्रकारात पाटी लागली तेव्हा बाप गाव सोडून गेलेला होता, आणि ते ठाऊक नसेल तर पुढे बरीच वणवण होते.

बापाचा कालपट

चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्र्यांची क्रॉकफर्ड नावाची निर्देशिका १८५८ पासून निघते. जुन्या आवृत्त्या वंशावळीच्या संकेतस्थळांवर आणि मोठ्या ग्रंथालयांत मिळतात. नवख्या माणसाला वाटतं की प्रत्येक आवृत्ती चाळावी लागेल. तसं नाही. त्याचं नाव असलेली शेवटची आवृत्ती गाठा, कारण तिच्यात मागच्या सगळ्या नेमणुका क्रमाने येतात. त्यानंतर पडताळ्यासाठी मधल्या एक-दोन पाहिल्या तरी पुरे.

एका नोंदीत साधारण असा क्रम असतो: कॉलेज आणि पदवीचं वर्ष, डीकन झाल्याचं आणि प्रीस्ट झाल्याचं (दीक्षेचे हे दोन टप्पे) वर्ष व धर्मप्रांत, सध्याचं गाव, कंसात त्या जागेचा पेट्रन, उत्पन्न, राहायला घर आणि गावची लोकसंख्या, आणि शेवटी ‘पूर्वी’ म्हणून आधीच्या जागा. बिशपांच्या धर्मप्रांतांची नावं कधी लॅटिन संक्षेपात येतात: कँटरबरीचं ‘कँटुआर’, यॉर्कचं ‘एबॉर’, डरॅमचं ‘डनेल्म’. पेट्रनचं नाव बहुतेक जण सोडून देतात, आणि तिथेच धागा असतो. गावात पाद्री नेमायचा हक्क जमीनदाराकडे, कॉलेजकडे, बिशपकडे किंवा चक्क त्याच घराण्याकडे असायचा. पेट्रनचं आडनाव बापाचं किंवा सासऱ्याचं निघालं तर घराण्याची वरची पिढी हाताशी आली.

क्रॉकफर्डमध्ये आईवडील, बायको, मुलं काहीही नसतं. जन्मवर्षही नसतं. नोंदी पाद्र्यांनी स्वतः भरून पाठवलेल्या माहितीवर बेतलेल्या, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांचा फरक धरून चाला. मध्ये तीन-चार वर्षांची पोकळी दिसली तर तो परदेशी होता, शाळेत शिकवत होता किंवा आजारी होता, असे पर्याय खुले ठेवा.

बापाचा बाप शोधायला विद्यापीठांच्या नोंदी आहेत. केंब्रिजची माजी विद्यार्थ्यांची यादी १९०० पर्यंतची आहे आणि ती मोफत शोधता येते. तिच्यात बापाचं नाव, शाळा आणि पुढची कारकीर्द मिळते. ऑक्सफर्डची छापील यादी १८८६ पर्यंतच्या प्रवेशांची. तिच्यात कितवा मुलगा, गाव, प्रवेशाचं वय आणि बापाचा सामाजिक दर्जा एका संक्षेपात दिलेला असतो. १८३५ च्या आधीचा पाद्री असेल तर चर्च ऑफ इंग्लंडच्या पाद्र्यांचा डेटाबेस आहे, १५४० पासूनचा. तुमच्या बाबतीत तो आजोबांसाठी कामी येईल, कारण पाद्र्यांच्या घरात हा पेशा पिढ्यान्‌पिढ्या चालायचा.

कुटुंब

तक्ता तयार झाला की जनगणना घ्या. दर दहा वर्षांची, आणि शोध नावाने न घेता गावाने घ्या. ‘व्हिकरेज’ किंवा ‘रेक्टरी’ (पाद्र्याचं राहतं घर) हा पत्ता पकडला की आडनाव चुकीचं उतरवलेलं असलं तरी घर सापडतं. १९११ ची जनगणना सर्वांत मोलाची. तो फॉर्म कुटुंबप्रमुखाने स्वतःच्या हाताने भरलेला आहे आणि त्यात लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं जन्मली, किती हयात आणि किती वारली, हे विचारलेलं आहे. ‘सात जन्मली, सहा हयात’ असं दिसलं की किती मुलांचा हिशेब लावायचा ते कळतं. १९२१ ची जनगणना युद्धानंतरचं घर दाखवते. १९३१ ची कागदपत्रं १९४२ च्या आगीत जळाली आणि १९४१ ची जनगणना झालीच नाही. त्यामुळे १९२१ नंतर थेट २९ सप्टेंबर १९३९ च्या, युद्ध सुरू होताच केलेल्या रहिवाशांच्या नोंदवहीवर उडी मारावी लागते.

इथे एक ठेच सगळ्यांनाच लागते. जनगणना, लग्नाची नोंद आणि प्रोबेट (मृत्युपत्राची न्यायालयीन नोंद) या तिन्हींत पाद्र्याचा व्यवसाय नुसता ‘क्लार्क’ असा लिहिलेला सापडतो. तो कचेरीतला कारकून नव्हे. पूर्ण शब्दप्रयोग ‘क्लार्क इन होली ऑर्डर्स’ असा होता आणि लिहिणारे तो तोडायचे. हे ठाऊक नसेल तर योग्य माणूस समोर असून तुम्ही पान उलटाल.

आईचं माहेरचं आडनाव मिळवणं हा पुढचा टप्पा. जन्मनोंदींच्या जुन्या तिमाही सूचीत ते सप्टेंबर १९११ च्या तिमाहीपासूनच दिसतं. पण जनरल रजिस्टर ऑफिसने (जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी कार्यालयाने) स्वतः नव्याने केलेल्या ऑनलाइन सूचीत ते १८३७ पासून आहे. आडनाव आणि आईचं माहेर अशी जोडी टाकून, बापाच्या तक्त्यातल्या नोंदणी-जिल्ह्यांत, लग्नानंतरच्या वीसेक वर्षांत शोधा. बाप जसजसा गावं बदलत गेला तसतशी मुलं त्या-त्या जिल्ह्यात सापडत जातील. मुलांची मधली नावंही नजरेखालून घाला, कारण आईचं किंवा आजीचं माहेर तिथे लपलेलं असतं. बाप्तिस्म्याची नोंद पाहताना विधी कुणी केला तेही वाचा. बापाने स्वतःच बाप्तिस्मा दिलेला असतो, किंवा काकाने, मामाने. तो काका पाद्री असेल तर पुन्हा क्रॉकफर्ड.

सार्वजनिक नोंदीतलं एक घर घेऊन हे दाखवतो. रेव्हरंड थिओडोर बेली हार्डी हे पहिल्या महायुद्धातले फार नावाजलेले लष्करी पाद्री. जन्म एक्सेटरचा, १८६३. व्हिक्टोरिया क्रॉस, डीएसओ आणि मिलिटरी क्रॉस असे शौर्याचे तिन्ही सन्मान मिळालेले. युद्धाआधी ते वेस्टमोरलंडमधल्या हटन रूफ या छोट्या गावचे व्हिकर होते. म्हणून कुणी आयुष्यभराच्या पाद्र्याची कल्पना करून शोधायला बसेल, तर फसेल. त्यांना दीक्षा १८९८ मध्ये, पस्तिशीला टेकल्यावर मिळाली. त्याआधी आणि नंतरही ते शिक्षक होते, नॉटिंगहॅमला आणि मग बेंथमच्या शाळेत मुख्याध्यापक. मुलगा जन्मला तेव्हा बाप पाद्री नव्हताच, म्हणजे त्याच्या जन्मनोंदीत ‘क्लार्क’ शोधून उपयोग नाही. लग्न १८८८ मध्ये बेलफास्टला झालं, त्यामुळे ते इंग्लंडच्या विवाहसूचीत सापडणार नाही, आयर्लंडच्या नागरी नोंदणीत पाहावं लागतं. बायको फ्लॉरेन्स हेस्टिंग्ज आणि मुलगा विल्यम हेस्टिंग्ज हार्डी: मधल्या नावात आईचं माहेर. पत्नी १९१४ मध्ये गेली, ते स्वतः १८ ऑक्टोबर १९१८ ला फ्रान्समधल्या रूआँच्या इस्पितळात जखमांनी गेले आणि तिथल्याच सेंट सेव्हर दफनभूमीच्या विस्तारित भागात त्यांची कबर आहे. स्मृतिफलक मात्र कार्लाइल कॅथेड्रलमध्ये, कारण हटन रूफ त्या धर्मप्रांतात येतं. एका माणसाचे कागद एक्सेटर, बेलफास्ट, नॉटिंगहॅम, बेंथम, हटन रूफ, कार्लाइल आणि फ्रान्स इतके विखुरलेले.

मुलगा: कोणतं दप्तर उघडायचं

आता मुलाकडे या. लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये अधिकाऱ्यांच्या फाइली डब्ल्यूओ ३३९ आणि डब्ल्यूओ ३७४ या मालिकांत आहेत. तिथे नाव सापडलं नाही की लोक समजतात, फाइल जळाली. १९४० च्या बाँबहल्ल्यात मोठा भाग जळाला हे खरं, पण तो मुख्यतः साध्या शिपायांच्या दप्तराचा. तुमचा माणूस इंडियन आर्मीचा अधिकारी असेल तर त्याची फाइल क्यूमध्ये असण्याची अपेक्षाच ठेवू नका. ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं दप्तर आहे, त्यात एल/एमआयएल/१४ ही मालिका पाहा. इंडियन आर्मी लिस्टच्या त्या वर्षांच्या अंकांतून कमिशनची (अधिकारी म्हणून नेमणुकीची) तारीख आणि पलटणीत दाखल झाल्याची तारीख मिळते. लंडन गॅझेट हे सरकारी राजपत्र मोफत शोधता येतं, त्यात नेमणूक आणि बढती.

एक घाईचा निष्कर्ष टाळा. मराठा पलटणीत गेला म्हणजे बाप मुंबई इलाख्यात पाद्री असणार, असं नाही. सँडहर्स्टच्या लष्करी कॉलेजातून इंडियन आर्मीसाठी निवडलेला मुलगा आधी ‘अनअटॅच्ड लिस्ट’वर जायचा, भारतातल्या एखाद्या ब्रिटिश पलटणीत वर्षभर काढायचा आणि मग जिथे जागा रिकामी तिथे रुजू व्हायचा. युद्धात तर राखीव अधिकारी म्हणून मळेवाले आणि व्यापारी पेढ्यांतली माणसंही आली. बाप खरंच इकडे होता का, हे तक्त्यातली पोकळी सांगेल. तशी पोकळी असेल तर इंडिया ऑफिसच्या दप्तरातली एन/३ मालिका उघडा: मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं. एन/१ बंगालची, एन/२ मद्रासची. ब्रिटिश इंडियातल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या फिबिस या संस्थेचा मोफत डेटाबेस आधी चाळा, मग मूळ पानाची प्रतिमा पाहा. या नोंदी म्हणजे चर्चमधून वर पाठवलेल्या प्रती, काही पाठवायच्या राहून गेल्या. तिथे नाही म्हणजे घडलंच नाही, असं धरू नका.

पाटीवर १९१६ आहे, पण महिना आहे का? या पलटणीच्या बाबतीत महिन्यावर सगळं अवलंबून आहे. ११० वी मराठा सहाव्या पुणे डिव्हिजनच्या अठराव्या ब्रिगेडमध्ये होती. त्याच डिव्हिजनमध्ये १०३ वी आणि ११७ वी मराठाही होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनला मागे हटावं लागल्यावर डिव्हिजन कुत-अल-अमारात शिरली, डिसेंबरच्या सुरुवातीला वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. तारीख त्याआधीची असेल तर मृत्यू वेढ्यात झाला असण्याची शक्यता मोठी. नंतरची असेल तर युद्धकैदी म्हणून तुर्कस्तानकडे जाताना किंवा तिथल्या छावणीत. ‘अटॅच्ड’ या शब्दाचा संक्षेप दिसला तर तो मूळचा ११० चा पण प्रत्यक्षात दुसऱ्या पलटणीबरोबर लढत होता, आणि मग युद्धडायरी त्या दुसऱ्या पलटणीची वाचायची. डायऱ्या क्यूमध्ये, डब्ल्यूओ ९५ मालिकेत. वेढ्यात सापडलेल्या तुकड्यांच्या डायऱ्या अपुऱ्या असू शकतात, म्हणून ब्रिगेड आणि डिव्हिजनच्याही मागवा.

पलटणींचे क्रमांक बदलले हेही ध्यानात ठेवा. १९०३ च्या आधीची मुंबईची १० वी म्हणजे ११० वी, आणि १९२२ च्या फेररचनेत तीच पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन झाली. १९२० च्या दशकातल्या एखाद्या लेखात ‘३/५ मराठा’ दिसलं तर ती वेगळी पलटण नव्हे.

कबरीसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा डेटाबेस. नावाने शोधण्याऐवजी ‘अतिरिक्त माहिती’च्या रकान्यात ‘रेव्ह.’ आणि गावाचं नाव टाकून, पलटण निवडून शोधा. गर्दीतून नेमका माणूस बाहेर येतो. ती माहिती नातेवाइकांनी युद्धानंतर भरून दिलेल्या फॉर्मवरून घेतलेली असते. रकाना कोरा असेल तर फॉर्म परत गेला नाही एवढाच अर्थ. आणि तिथला पत्ता १९१६ चा नसून युद्धानंतरचा असतो. तोच तुमच्या तक्त्यातली पुढची ओळ. कबरीचा दगड असेल तर त्यावर घरच्यांनी निवडलेली ओळही असू शकते. मर्यादा ६६ अक्षरांची आणि दर अक्षराला साडेतीन पेन्स. मर्यादा नेहमीच काटेकोर पाळली गेली असं नाही. कबर अज्ञात असेल तर नाव बसरा स्मारकावर. हे स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्याला नेलं गेलं, त्यामुळे जुन्या वर्णनातली जागा आज जुळणार नाही. अमारा इथल्या दफनभूमीतले दगड जमिनीतल्या क्षारांनी खराब झाल्याने १९३३ मध्ये काढले आणि नावं भिंतीवर घेतली. तिथे कबर आहे, पण कबरीवर दगड नाही.

पाटी इथेच का?

या प्रश्नाचं उत्तर चर्चच्या कायद्यात आहे. चर्चच्या भिंतीवर काहीही लावायला धर्मप्रांताच्या न्यायालयाची परवानगी लागायची, तिला फॅकल्टी म्हणतात. तिच्या कागदांत अर्जदारांची नावं, पाटीचा आराखडा, नियोजित मजकूर आणि कधी खर्चाचा आकडाही असतो. हे कागद बहुधा काउंटी रेकॉर्ड ऑफिसात, धर्मप्रांताच्या संग्रहात सापडतात. गावाचं नाव आणि १९१६ ते १९२५ एवढा पल्ला देऊन मागा. सगळ्या पाट्यांना परवानगी घेतलेली होतीच असं नाही. फाइल नसेल तर व्हेस्ट्रीच्या (गावच्या चर्चसभेच्या) बैठकांची इतिवृत्तं, १९२० नंतरची असतील तर पॅरोकियल चर्च कौन्सिलची, आणि चर्चवॉर्डनचा जमाखर्च पाहा.

त्याहून जिवंत साधन म्हणजे पॅरिश मॅगझिन, गावच्या चर्चचं मासिक. दर महिन्याला व्हिकरचं पत्र असायचं, आणि बाप तेव्हा याच गावात असेल तर पत्र लिहिणारा तोच. मुलगा बेपत्ता असल्याची तार आली तो महिना, मृत्यू निश्चित झाला तो महिना, हे त्याच्याच शब्दांत मिळू शकतं. काही महिने त्याचं पत्रच नसतं आणि क्युरेट, म्हणजे सहायक पाद्री, लिहितो. हे अंक रेकॉर्ड ऑफिसात नसले तर चर्चच्या कपाटात असतात, म्हणून चर्चवॉर्डनला आवर्जून विचारा.

वर्तमानपत्रांत शोधताना मुलाचं आडनाव टाकू नका, यंत्राने वाचलेल्या जुन्या छपाईत आडनावंच आधी बिघडतात. गावाचं नाव आणि ‘फलक’, ‘अनावरण’, ‘समर्पण’ यांचे इंग्रजी शब्द टाका. अनावरणाच्या बातमीत कोण आलं, कुणी पुष्पचक्र वाहिलं, कोणती बहीण कोणत्या नवऱ्याबरोबर आली, हे सगळं छापलं जायचं. विवाहित बहिणींची नावं मिळवायला याहून चांगली जागा नाही.

आणखी कुठे नाव आहे हे पाहायला इम्पीरियल वॉर म्युझियमची युद्धस्मारकांची नोंदवही मोफत आहे. पण तिच्यावरच थांबू नका, हाताने यादी करा: बापाची प्रत्येक जुनी जागा, मुलाची प्रत्येक शाळा, कॉलेज, गावचौकातलं स्मारक. पाद्र्यांच्या मुलांसाठीच निघालेल्या शाळा होत्या. मार्लबरो १८४३ ची, रॉसल १८४४ ची, लेदरहेडची सेंट जॉन्स १८५१ ची. त्यांच्या नोंदवह्यांत बापाचं नाव आणि गाव असतं.

यासाठी शव्हास घराणं पाहा. नोएल शव्हास, व्हिक्टोरिया क्रॉस दोनदा मिळालेला डॉक्टर, जन्मला ऑक्सफर्डला १८८४ मध्ये. १९०० मध्ये वडील लिव्हरपूलचे बिशप झाले आणि घर हललं. म्हणून त्याची स्मारकं ऑक्सफर्डमध्येही आहेत आणि लिव्हरपूलमध्येही, शाळेत, कॉलेजात, पलटणीत. कबर बेल्जियममध्ये ब्रँडहूकला, ४ ऑगस्ट १९१७. धाकटा भाऊ एडन महिनाभर आधी बेपत्ता झाला, त्याचं नाव ईपरच्या मेनिन गेटवर. जुळा भाऊ ख्रिस्तोफर लष्करी पाद्री आणि पुढे रॉचेस्टरचा बिशप. सात भावंडांतल्या जुळ्या बहिणी मात्र शंभरी गाठून १९८० च्या दशकापर्यंत जगल्या. घराण्याच्या आठवणी, पत्रं, फोटो बहुतेक वेळा अशा बहिणींकडेच राहिले.

म्हणून वंशज शोधताना गेलेल्या मुलाच्या खाली काही मिळेल ही आशा कमी ठेवा, तो बहुधा अविवाहित असतो. आडवे जा. बापाचं आणि आईचं प्रोबेट काढा. १८५८ पासूनची वार्षिक सूची ऑनलाइन आहे, त्यात मृत्यूची तारीख, पत्ता आणि कारभारी म्हणून हयात मुलगा किंवा अविवाहित मुलगी असते. त्या मुलीचं पुढचं प्रोबेट, मग तिच्या भाच्यांचं. पाद्र्याच्या मुलीचं लग्न पाद्र्याशीच होणं नित्याचं होतं. तसा जावई निघाला तर त्याचाही तक्ता करा. हयात माणसापर्यंत पोचलात तर पहिलं पत्र थोडक्यात लिहा, पाटीचा फोटो जोडा, आणि त्यांची नावं-पत्ते कुठेही जाहीर करू नका.

बाप व्हिकर नसून दुसऱ्या पंथाचा निघाला तर: स्कॉटलंडच्या मिनिस्टरांच्या ‘फास्टी’ या यादीत बायको-मुलांसकट नोंद असते, म्हणजे काम निम्म्यावर येतं. मेथडिस्टांची मृत्युवृत्तं कॉन्फरन्सच्या वार्षिक इतिवृत्तात आहेत. आयर्लंडचं मात्र कठीण. १९२२ मध्ये डब्लिनचं सार्वजनिक दप्तर जळालं आणि चर्चच्या असंख्य नोंदवह्या गेल्या. १९०१ आणि १९११ च्या जनगणना वाचल्या आहेत आणि मोफत आहेत.

कामाचा क्रम असा ठेवा: पाटीची नक्कल, क्रॉकफर्डचा तक्ता, १९११ ची जनगणना, वॉर ग्रेव्ह्ज कमिशनचा डेटाबेस. एवढं घरी बसून होतं. मग रेकॉर्ड ऑफिसला जाऊन फॅकल्टी आणि पॅरिश मॅगझिन, आणि ब्रिटिश लायब्ररीतली फाइल सगळ्यांत शेवटी, कारण तिला वेळ लागतो.

तुम्ही ‘मराठा’ शब्दामुळे थांबलात, म्हणून आणखी एक सांगावंसं वाटतं. त्या अधिकाऱ्याची कबर अज्ञात असेल तर त्याचं नाव बसरा स्मारकावर कोरलेलं असेल. त्याच पलटणीतल्या मराठी शिपायांची तिथे नावं कोरली गेली नाहीत, पलटणीखाली फक्त आकडा आला. वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने २०२१ च्या अहवालात ही असमानता मान्य केली आहे. सातारा, रत्नागिरी भागातल्या गावांत संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, इतके परत आले नाहीत. तिथेही आकडाच. पण शिपायांची नावं कमिशनच्या डेटाबेसमध्ये आहेत, काहींच्या पुढे बापाचं नाव, गाव आणि जिल्हाही. व्हिकरच्या मुलाचा शोध घेताना पलटण आणि मृत्यूचा महिना हाताशी आला की तीच चाळणी लावून त्या महिन्यातल्या ११० व्या मराठाच्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या. गावांची नावं इंग्रजी कारकुनांनी कानावर पडली तशी लिहिली आहेत, ‘ळ’चा ‘ल’ होतो, तालुका कधी जुना असतो. ती नावं मराठी वाचणारा माणूसच ओळखू शकतो. अडलेली नावं इथे टाका, तालुक्याच्या जुन्या याद्यांशी ताडून पाहायला मी मदत करीन.